कोल्हापुरांत घडलेला कॅमेरा

जुन्नर शहराच्या पश्चिमेस, सह्याद्रीच्या ऐन माथ्यावर, नाणेघाट आहे. कोंकणच्या बंदरांत उतरलेला माल एके काळीं याच वाटेनें देशावर चढत असे. घाटाच्या तोंडाशीं, जकातीचें नाणें टाकण्याचा म्हणून दाखविला जाणारा, दगडी रांजण अद्याप आहे. आणि जवळच खडकांत कोरलेलें एक लेणें आहे. सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपींतील प्रसिद्ध लेख याच लेण्याच्या भिंतींवर आहे. सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं मागल्या भिंतीवर राजकुलांतील व्यक्तींच्या प्रतिमा कोरविल्या होत्या व प्रत्येक प्रतिमेच्या माथ्यावर त्या व्यक्तीचें नांव घातलें होतें. सिमुक सातवाहन, देवी नागनिका, राजा श्री सातकर्णि, महारठी त्रणकयिर अशीं त्यांतील कांहीं नांवें होत. कर्नल साइक्स यांनीं १८३७ सालीं या लेखांची वार्ता विद्वानांपुढें ठेविली व पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं पुढें त्यांचें साक्षेपानें वाचन केलें. पण आज तेथें जाणाऱ्यास राजा दिसत नाहीं कीं राणी दिसत नाहीं. पावलांच्या कांहीं खुणा तेवढ्या उरल्या आहेत. नांवें मात्र अजून वाचतां येतात.

शेजारच्या आंबेगांव तालुक्याची कथाहि याच जातीची आहे. ज्या गांवावरून तालुक्यास नांव पडलें तें जुनें आंबेगांव घोड नदीवरील डिंभे धरणाच्या पाण्याखालीं गेलें. तालुक्याच्या कचेऱ्या घोडेगांवीं आहेत. तरी तालुका अद्याप आंबेगांवचाच म्हणवितो. वस्तु नाहींशी व्हावी आणि तिचें नांव मागें राहावें, हा अनुभव या मुलुखाला नवा नाहीं. महाराष्ट्रांतील पहिल्या चित्रपटांच्या वांट्यासहि हेंच दैव आलें. मात्र त्या चित्रांहून ज्या यंत्रानें तीं टिपलीं त्या यंत्राची हकीकत अधिक टिकाऊ ठरली. तें यंत्र जुन्या बाजारांतील एका वस्तूवरून, कोल्हापुरांतील कारागिरांनीं, आपल्या हातांनीं घडविलें होतें.

छायाचित्रणाची कला मुंबईंत बरीच लवकर आली. १८५४ सालीं तेथें फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजी यांचे बंधु डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे एतद्देशीय गृहस्थ त्या कलेंत निष्णात झाले. तथापि यंत्र, भिंग, कांचा, रसायनें, सर्व कांहीं विलायतेहून यावें, आणि एखादा स्क्रू हरवला तरी पुढल्या आगबोटीची वाट पाहावी, अशीच तेव्हांची रीत होती. कला शिकतां आली, परंतु हत्यार परक्याचेंच राहिलें.

ता. ७ जुलै १८९६ रोजीं मुंबईच्या वॉटसन हॉटेलांत ल्यूमिएर बंधूंच्या माणसांनीं हलतीं चित्रें प्रथम दाखविलीं. त्या बंधूंच्या यंत्राची एक खुबी अशी होती कीं, चित्र टिपणें, त्याची प्रत काढणें आणि तें पडद्यावर दाखविणें हीं तिन्ही कामें एकच पेटी करीत असे. ही गोष्ट पुढील हकीकतीच्या दृष्टीनें महत्त्वाची आहे. चित्र दाखविणारें यंत्र आणि चित्र टिपणारें यंत्र हीं सख्खीं भावंडें होत, हें त्या पेटीनेंच सांगून ठेविलें होतें.

या नव्या विद्येचा पहिला मराठी उपासक म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावे दादा. मुंबईंत त्यांचा छायाचित्रांचा व्यवसाय होता. त्यांनीं विलायतेंतील रायली या पेढीकडून २१ गिनी देऊन एक कॅमेरा मागविला व १८९९ सालीं मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्यें एक कुस्ती टिपली. फीत धुण्यासाठीं लंडनला पाठवावी लागली. १९०१ सालीं रँग्लर परांजपे केंब्रिजहून परत आले, तो प्रसंगहि त्यांनीं टिपला. पुढें त्यांनीं तो कॅमेरा विकला आणि तो पाटणकर व त्यांचे सहकारी यांच्या हातीं गेला. चित्रपटाचा कॅमेरा आपल्याकडे असा आरंभापासूनच एका हातांतून दुसऱ्या हातांत फिरत आला आहे. नव्या यंत्राची किंमत ज्याला झेपत नाहीं, त्याची विद्या जुन्या यंत्रावर वाढते.

दादासाहेब फाळके यांचें उदाहरण याहून बोलकें आहे. ख्रिस्तचरित्राचा चित्रपट पाहून त्यांच्या मनानें घेतलें कीं, आपल्या देवादिकांचीं चित्रें अशींच पडद्यावर आणावयाचीं. प्रथम त्यांनीं एक लहानसा स्वस्त कॅमेरा व कांहीं फिती मिळविल्या आणि रात्रीं मेणबत्तीचा उजेड भिंगांतून सोडून घरच्या भिंतीवर चित्रें पाडण्याचे प्रयोग चालविले. १९१२ सालीं ते लंडनला गेले व विल्यमसन बनावटीचा कॅमेरा घेऊन आले. परत आल्यावर कुंडींत वाटाण्याचा दाणा पेरून, रोज थोडें थोडें चित्र घेत, अंकुराची वाढ त्यांनीं पडद्यावर दाखविली. आणि तें पाहूनच भांडवल देणाऱ्यांचा विश्वास बसला. कोरी फीत त्या काळीं भोकें न पाडतांच येत असे. तीं भोकें रात्रीं अंधारांत बसून सरस्वतीबाई फाळके पाडीत. ता. ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहांत ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, त्याच्या प्रत्येक हाताच्या मागें या गृहिणीचें जागरण होतें. फाळक्यांनीं कला स्वदेशी केली, कथा स्वदेशी केली, कारखानाहि घरांतच थाटला. कॅमेरा तेवढा विलायती होता.

ती उणीव भरून काढण्याचा उद्योग कोल्हापुरांत झाला. बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म १८९० सालचा. घराणें कारागिराचें, लांकूड, लोखंड, रंग यांच्याशीं लहानपणापासून सलगी. चित्रकलेच्या शाळेंत न जातां ते चित्रकार झाले व लोक त्यांना बाबूराव पेंटर म्हणूं लागले. त्यांचे चुलत बंधु आनंदराव हेहि तसेच गुणी. या जोडीनें नाटक मंडळ्यांसाठीं रंगविलेले पडदे त्या काळीं फार नांवाजले गेले. फाळक्यांचे चित्रपट पाहिल्यावर दोघांनाहि नवा ध्यास लागला. रंगविलेल्या पडद्यापुढें पात्रें हलतात, परंतु पडदा हलत नाहीं. येथें तर पडद्यावरचें पानन् पान हलतें, हें पाहून चित्रकाराचें मन स्वस्थ कसें राहावें!

नवा विलायती कॅमेरा घेण्याइतका पैसा जवळ नव्हता. तेव्हां त्यांनीं मुंबईच्या जुन्या बाजारांतून चित्रपट दाखविण्याचें एक वापरलेलें यंत्र विकत घेतलें. त्यावर ते चित्रपट दाखवीत आणि त्याच यंत्रावरून कॅमेऱ्याची विद्या शिकत.

ही विद्या काय असते, तें थोडें ध्यानांत घेतलें पाहिजे. चित्रपटाची फीत ३५ मिलिमीटर रुंद असते व तिच्या दोन्ही कडांना भोकें असतात; दर चित्रामागें प्रत्येक कडेला चार. फीत पाण्यासारखी वाहत गेली तर चित्र फरपटतें. म्हणून ती थांबली पाहिजे. थांबतांच झडप उघडून उजेड आंत आला पाहिजे. झडप मिटतांच फीत बरोबर एका चित्राइतकी पुढें सरकून पुन्हा थांबली पाहिजे. मूकपटाच्या काळीं हें सर्व एका सेकंदांत साधारण १६ वेळां घडावें लागे. दांडा हातानें फिरवावयाचा, सेकंदास दोन फेरे, फेऱ्यास आठ चित्रें. एक फूट फितींत १६ चित्रें मावतात. म्हणजे सेकंदाला एक फूट फीत खर्ची पडे. चित्र दाखविणाऱ्या यंत्रांतहि फीत अशीच थांबत थांबत जाते. फरक इतकाच कीं, तेथें दिवा फितीच्या मागें असतो व चित्र बाहेर जातें. कॅमेऱ्यांत सूर्याचा उजेड बाहेरून येतो व चित्र आंत उतरतें. ज्यानें एक यंत्र उघडून नीट पाहिलें त्याला दुसऱ्याची कल्पना करतां येते.

परंतु कल्पना करणें निराळें आणि यंत्र घडविणें निराळें. पहिली अडचण अंधाराची. दाखविण्याच्या यंत्रांतून इकडेतिकडे उजेड निसटला तरी बिघडत नाहीं. कॅमेऱ्याच्या पेटींत मात्र सुईच्या अग्राएवढी फट राहिली तरी सारी फीत काळवंडते. दुसरी अडचण स्थैर्याची. फितीवरील चित्र जेमतेम एक इंच रुंद. तें १५ फूट रुंदीच्या पडद्यावर जातें तेव्हां १८० पट वाढतें. दांतेरी चाकांतील खोट जर इंचाच्या शंभराव्या भागाइतकी असेल, तर पडद्यावरचा राजवाडा जवळजवळ दोन इंच थरथरूं लागेल. तिसरी अडचण भिंगाची. दाखविणाऱ्या यंत्राचें भिंग एकाच पडद्यासाठीं एकदां जुळविलें कीं भागतें. कॅमेऱ्याच्या भिंगाला आतां समोरचा चेहरा तर घटकेनें दूरचा डोंगर स्पष्ट दाखवावा लागतो. भिंग आणि फीत यांमधील अंतर केसाइतकें चुकलें तरी चित्र धूसर होतें. हीं कामें कागदावर होत नाहींत. तेथें कानस हवी, लेथ हवा, आणि पुन्हा पुन्हा फसण्याची तयारी हवी.

या खटपटीच्या मध्यांतच १९१६ सालीं आनंदराव वारले. यंत्र अर्धें राहिलें. बाबूरावांच्या जागीं दुसरा कोणी असता तर त्यानें तो जुना सांगाडा माळ्यावर टाकून पुन्हा रंगाची वाटी हातीं घेतली असती. बाबूरावांनीं तसें केलें नाहीं. विष्णुपंत दामले हे त्यांचे शिष्य यंत्रकामांत तरबेज होते. गुरुशिष्यांनीं मिळून भावाचें अपुरें काम पुढें नेलें आणि १९१८च्या सुमारास कॅमेरा चालूं लागला. तानीबाई कागलकर या गायिकेनें द्रव्यसाहाय्य केलें व महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. या नामवंत संस्थेच्या मुळाशीं एका वापरलेल्या यंत्राचा नमुना, एका दिवंगत बंधूची चिकाटी आणि एका कलावतीचें औदार्य होतें.

पहिला चित्रपट ‘सैरंध्री’. तो ता. ७ फेब्रुवारी १९२० रोजीं पुण्याच्या आर्यन चित्रगृहांत लागला. त्यांत स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनींच केल्या होत्या. भीमानें केलेला कीचकाचा वध इतका हुबेहूब वठला होता कीं, त्या दृश्यावर सेन्सॉरची कात्री चालली. लोकमान्य टिळकांनीं बाबूरावांचा ‘सिनेमा केसरी’ म्हणून गौरव केला. लोकमान्यांच्या आयुष्याचे तेव्हां शेवटचे कांहीं महिने उरले होते. ज्यानें स्वदेशीचा मंत्र दिला त्याच्या नजरेसमोर, स्वदेशी यंत्रानें टिपलेलें चित्र, पुण्याच्या पडद्यावर आलें, ही घटना लहान नव्हे.

यंत्र स्वतः घडविल्याचा लाभ बाबूरावांना पुढें पदोपदीं झाला. त्या वेळची फीत तांबड्या रंगाला आंधळी होती. कुंकू तिच्यावर काळें उमटे आणि निळें आकाश पांढरें फटक. रंगांत हयात घालविलेल्या चित्रकाराला रंग विसरून केवळ उजेड आणि सावली यांत विचार करावा लागला. रंगविलेला पडदा त्यांनीं सोडला आणि घन बांधणीचे देखावे उभारले, कारण कॅमेऱ्याचें भिंग कापडावरच्या खांबाला फसत नाहीं. १९२३च्या ‘सिंहगड’मध्यें त्यांनीं कृत्रिम उजेडाचा उपयोग केला. ज्याला यंत्राची मर्यादा ठाऊक असते त्यालाच ती ओलांडण्याची जागाहि ठाऊक असते.

१९२५ सालीं आलेला ‘सावकारी पाश’ हा या कंपनीचा सर्वांत धीट चित्रपट मानला जातो. देवादिक आणि राजेरजवाडे बाजूला सारून त्यांत एक शेतकरी दाखविला होता. सावकाराच्या कर्जांत त्याची जमीन जाते आणि तो शहरांत गिरणीकामगार होतो. त्या शेतकऱ्याचें काम तरुण शांताराम वणकुद्रे यांनीं केलें होतें. शहरची हीच वाट खऱ्या आयुष्यांत जुन्नर-आंबेगांवच्या डोंगरी गांवांतील कितीतरी तरुणांनीं तुडविली आहे. आंबेगांव तालुक्यांतील महाळुंगे पडवळ येथील बाबू गेनू हा असाच मुंबईच्या गिरणींत गेलेला शेतकऱ्याचा मुलगा. ता. १२ डिसेंबर १९३० रोजीं परदेशी कापडाची मोटार अडवितांना तो तिच्याखालीं चिरडला गेला. डिंभ्याच्या जलाशयाला आज त्याचेंच नांव आहे. चित्रपटांतील तो कल्पित शेतकरी आणि हा हाडामांसाचा हुतात्मा यांचा प्रवास एकाच रस्त्यानें झाला होता. आणि तो रस्ता बाबूरावांच्या कॅमेऱ्यानें पांच वर्षें आधीं पाहून ठेविला होता.

तो ‘सावकारी पाश’ आज कोणालाहि पाहतां येत नाहीं. १९३६ सालीं बाबूरावांनीं तीच कथा बोलपटाच्या रूपानें पुन्हा मांडली. परंतु मूळ मूकपट नष्ट झाला. ‘सैरंध्री’ नाहीं, ‘सिंहगड’ नाहीं. त्या काळची फीत नायट्रेटची, म्हणजे जवळजवळ बंदुकीच्या दारूच्या जातीची. ती ठिणगीनें पेटते, आणि पेटली नाहीं तरी वर्षानुवर्षें आपोआप कुजून तिचा भुगा होतो. देशांतील कितीतरी जुन्या फिती त्यांवरील चांदीसाठीं विकून टाकण्यांत आल्या. १९६४ सालीं पुण्यांत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालें तोंवर फार उशीर झाला होता. जें मिळालें त्याचाहि कांहीं भाग ता. ८ जानेवारी २००३ रोजीं आगींत गेला. ही आग पुण्यांत प्रभात स्टुडिओच्या जुन्या आवारांत लागली, हा दैवाचा आणखी एक फटका. कोल्हापुरांत कॅमेऱ्याचें एक स्मारक उभें आहे. त्यापुढें उभ्या राहणाऱ्याला चित्रपटांचीं नांवें सांगतां येतात, चित्रपट दाखवितां येत नाहींत. नाणेघाटाच्या लेण्यांतल्यासारखीच ही स्थिति आहे.

मग त्या खटाटोपाचें फळ काय, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचें उत्तर माणसांत शोधलें पाहिजे. महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या आवारांत ज्यांनीं चाकें घासलीं, देखावे उभारले, दांडा फिरविला, त्यांपैकीं दामले, फत्तेलाल, धायबर आणि शांताराम यांनीं सीतारामपंत कुलकर्णी यांच्या साह्यानें १९२९ सालीं कोल्हापुरांत प्रभात फिल्म कंपनी स्थापिली. १९३३ सालीं ती पुण्यास आली. बोलपट सुरू झाला तेव्हां ध्वनिमुद्रणाचें नवें यंत्र विष्णुपंत दामले यांनीं आपल्या ताब्यांत घेतलें. ज्याच्या हातांनीं एकदां कॅमेरा घडविला होता तो नव्या यंत्राला कशास भिईल? दामले व फत्तेलाल यांचा ‘संत तुकाराम’ १९३६ सालीं निघाला आणि पुढल्या वर्षीं व्हेनिसच्या महोत्सवांत जगांतील निवडक चित्रपटांत गणला गेला. कोल्हापूरच्या त्या पेटींतून निघालेल्या फिती जळाल्या, कुजल्या. पण ती पेटी घडवितांना जी विद्या हातांत आली ती एका पिढीनें दुसरीला दिली व ती टिकली.

आज कॅमेरा इतका स्वस्त व सुलभ झाला आहे कीं, तो उघडून पाहण्याची गरजच कोणाला वाटत नाहीं. तरीहि कांहीं तरुण मंडळी आजोबांच्या कपाटांतील जुना कॅमेरा बाहेर काढतात, त्याचें भिंग धातूच्या एका कड्याच्या साह्यानें नव्या कॅमेऱ्यावर बसवितात आणि त्यांतून चित्रें घेतात. त्या कड्याचें काम एवढेंच असतें कीं, भिंग आणि चित्र उमटण्याची जागा यांमधील अंतर मूळ कॅमेऱ्यांत होतें तितकें राखावें. अंतर बरोबर साधलें कीं पन्नास वर्षें मुकें पडलेलें भिंग पुन्हा पाहूं लागतें. आनंदराव आणि बाबूराव ज्या अंतराशीं झगडले तेंच हें अंतर होय.

शहरांतील सुशिक्षित घरांत असे कॅमेरे, असे डबे, अशीं भिंगें अजून पुष्कळ ठिकाणीं पडून आहेत. दिवाळीच्या साफसफाईंत तीं रद्दीवाल्याच्या तागडींत जातात. तीं तागडींत टाकण्यापूर्वीं एकदां उघडून पाहावींत. डब्यांत फीत असेल आणि तिला आंबूस वास येत असेल, तर ती कुजूं लागली आहे असें समजून तिची प्रत लवकर करून घ्यावी. फार जुनी नायट्रेटची फीत निघाली तर ती घरांत मुळींच न ठेवतां जाणत्यांच्या स्वाधीन करावी. चित्रांत कोण आहे, कोणतें गांव आहे, कोणतें वर्ष आहे, हें घरांतील वडील माणसांना विचारून लिहून ठेवावें. सातवाहनांच्या कारागिरानें प्रत्येक प्रतिमेच्या डोक्यावर नांव कोरलें नसतें तर त्या भिंतीपुढें उभा राहणारा आज काय वाचता? त्यानें आपलें काम पुरें केलें होतें. प्रतिमा राखण्याचें काम पुढच्यांचें होतें, आणि तेवढेंच राहून गेलें.